शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना ईमेल लिहिताना
शिफारसपत्र मागताना विषयाची ओळ रिकामी सोडू नये, 'एम.एस. प्रवेशासाठी शिफारसपत्राची विनंती, अंतिम मुदत १५ डिसेंबर' एवढे लिहिले, तरी ईमेल उघडण्याआधीच सरांना काम आणि तारीख दोन्ही कळतात. दरवर्षी नव्या तुकड्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांना नुसत्या नावावरून चेहरा आठवेलच असे नाही, म्हणून पहिल्याच वाक्यात उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, शाखा आणि त्यांच्याकडे केलेला प्रकल्प सांगावा. गुणपत्रिका पीडीएफ स्वरूपात जोडावी (ती जोडायची विसरून मीही एकदा दुसरा ईमेल पाठवला आहे). विनंती किमान तीन आठवडे आधी करावी आणि 'लवकर द्या' असे न म्हणता 'आपल्याला शक्य होईल का' असे विचारावे. उत्तर न आल्यास आठवड्याने त्याच ईमेलखाली नम्रपणे स्मरण द्यावे. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा मात्र करू नये.