पाणथळ जागेचा दर्जा ठरवताना पर्यावरणीय मूल्य आणि संवेदनशीलता एकत्र मोजावी का?

अजिबात नाही. दोन्हींची बेरीज करून एकच आकडा काढतात, तिथेच घात होतो.

मूल्यासाठी रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ कराराचे नऊ निकष आहेत. नेहमी २०,००० पाणपक्षी येत असतील किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का तिथे असेल, तरी जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. ठाण्याची खाडी २०२२ साली रामसर यादीत गेली. संवेदनशीलता निराळी. पाणी किती वाटांनी येतं आणि त्या वाटा बुजवणं किती सोपं आहे, ते तिथे बघायचं.

माझं गाव उरण तालुक्यात. गावाबाहेरच्या जुन्या खारात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीत, भरतीचं पाणी एकाच उघाडीतून (बांधातल्या दारातून) येतं. ओहोटीला रोहित पक्षी खाडीच्या चिखलावर चरतात, भरतीने चिखल बुडाला की टेकायला आमच्या खारात. एका प्रकल्पासाठी पाहणी करणारा सल्लागार आला तो भर ओहोटीला. मी म्हटलं, अमावास्येच्या उधाणाला या, मग दाखवतो. आला नाही. अहवालात शेरा: 'पक्षी नाहीत, महत्त्व कमी'. पुढे रस्त्याच्या भरावात उघाडी बुजत गेली आणि दुसऱ्या पाहणीत 'पाणीच नाही' असं लिहिलं गेलं. याच खारात निवट्या, जिताडे धरून ज्यांनी घर चालवलं ते माझे काकाही आता मला ऐकवतात, "सुकली ना? मग पाणथळ कसली?"

सुकली नाही काका, सुकवली. नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीची वाट अडली तेव्हा तोही २०२४ साली असाच कोरडा पडला होता.

पाणथळ जागांच्या संवर्धनाचे केंद्राचे २०१७चे नियम तर मिठासाठी आणि सिंचनासाठी बांधलेल्या जागा वगळूनच टाकतात. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर सिंचनाच्याच बंधाऱ्यामुळे तयार झालंय! आधीपासून अभयारण्य होतं म्हणून त्याला संरक्षण मिळालं.

म्हणून माझ्या मते एकाच वाटेवर जगणारी जागा, मूल्य कितीही कमी दिसो, संवेदनशीलतेत पहिल्या वर्गात हवी. हे खाडीकाठचं सांगतोय. गोड्या पाण्याच्या तळ्यांना भरती नाही, तिथे पाणलोट आणि सांडपाणी बघा. वर्गवारीच नको असंही म्हणत नाही, माणसं कमी असतात, आधी काय वाचवायचं हे ठरवावंच लागतं.

तुमच्याकडे जनसुनावणी असेल तर पाहणीची तारीख आणि वेळ मागा, त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवा. आमच्या अहवालात वेळ लिहिलेलीच नव्हती, आणि काकांना मी ते पान अजूनही दाखवतो.