वाचकांचे प्रश्न : अंधार पडला की वायरलेस खरखरतो

प्रश्न : आमची हर्णै बंदरात ट्रॉलर आहे. दिवसा वायरलेस एकदम मस्त चालतो, पण अंधार पडला की खरखर सुरू आणि लांबच्या बोटींचं बोलणं ऐकूच येत नाही. शिवाय इंजिन चालू असलं की बारीक शिट्टी वाजते, रेस वाढवली की ती चढते. मेकॅनिक म्हणतो सेटच बदला. बदलू का?

उत्तर : थांबा दादा, एवढ्यात पैसे घालू नका. तुम्ही एक तक्रार म्हणून लिहिलंय पण मला तरी हे दोन वेगळे लोचे दिसतायत.

आधी रात्रीची खरखर. रात्री बोटीवर नवीन काय चालू होतं? दिवे. आता सगळीकडे एलईडी आलेत (पाण्यात एलईडी सोडून मासे गोळा करायला २०१७ पासून बंदी आहे ते वेगळं, मी मास्टवरच्या नि डेकवरच्या साध्या दिव्यांचं बोलतोय). स्वस्त एलईडीच्या आत जे सर्किट असतं ते सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतं, त्याचा कचरा पार १५६ मेगाहर्ट्झपर्यंत म्हणजे तुमचा वायरलेस ज्यावर चालतो त्या व्हीएचएफ पट्ट्यापर्यंत पोचतो, आणि दिव्याची वायरच अँटेनासारखी तो हवेत सोडते. मास्टवर दिवा आणि अँटेना हातभर अंतरावर असतील तर मग विचारायलाच नको. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये यावर इशारा काढला होता, एका जहाजाला व्हीएचएफवर हाका मारून उत्तरच मिळत नव्हतं.

बघायचं कसं? बंदरातच, इंजिन बंद ठेवून बॅटरीवर सेट लावा, सगळे दिवे, मोबाईल चार्जर, इन्व्हर्टर, फिश फाइंडर बंद. १६ (हाक मारायचा नि संकटाचा चॅनल) सोडून एखादा शांत चॅनल घ्या आणि स्क्वेल्च (खरखर दाबायचा नॉब) फिरवत जिथे सू-सू जेमतेम थांबते तिथेच सोडा. आता एकेक गोष्ट चालू करत जा, ज्याच्यामुळे आवाज परत फुटला तो चोर. स्क्वेल्च पूर्ण उघडल्यावर येणारी सू-सू मात्र नॉर्मल आहे, तिच्या मागे लागू नका.

आणि रात्री खरखर झाली की खलाशी काय करतात, स्क्वेल्च घट्ट पिळतात. खरखर जाते, पण तिच्याबरोबर लांबच्या बोटीची हाकही जाते, आणि तांडेलाला (बोटीच्या कप्तानाला) वाटतं आज समुद्रात कोणी बोलतच नाहीये. माझ्या मते खरी भीती याचीच आहे.

चोर सापडला की दिवा अँटेनापासून जमेल तेवढा लांब न्या, त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन ओढा, दिव्याजवळ फेराइटचा क्लिप (वायरीवर बसणारा, असला कचरा अडवणारा काळा ठोकळा) लावा, मावली तर वायर त्यातून दोन-तीनदा फिरवून घ्या. एवढं करून फरक नाही पडला तर दिवाच बदला, सेट नाही.

आता शिट्टी. ती रेसबरोबर चढते म्हणजे डायनामोकडूनच येतेय. इंजिन चालू असताना सेटच्या मागची अँटेनाची पिन काढून बघा (पिन काढलेली असताना बोलायचं बटण चुकूनही दाबू नका, सेट जळू शकतो). शिट्टी तशीच राहिली तर ती सप्लायच्या वायरीतून येतेय. बहुतेक बोटींवर सेटची लाईन दिव्याच्या नाहीतर पंपाच्या वायरीला जोडलेली असते, तसं असेल तर थेट बॅटरीपासून जाड वायर टाका, बॅटरीजवळ फ्यूज लावून. निगेटिव्हचे लग (वायरीच्या टोकाचे जोड) उघडून हिरवा काट खरवडा, खाऱ्या हवेत तो येणारच. तरी राहिली तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनला बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर डायनामोचा डायोड गेला असण्याचा संशय घ्या आणि तो उतरवून वाइंडरकडे द्या.

प्रश्न : बोलायला बटण दाबलं की सेट बंदच पडतो, ऐकायला मात्र ठीक. का?

उत्तर : २५ वॅटवर बोलताना सेट ५-६ अँपिअर ओढतो, ऐकताना अगदी थोडं. वायर बारीक किंवा सांधा सडका असला की व्होल्टेज तिथेच बसतं. १ वॅटवर टाकून बघा, तेव्हा चालला तर सेट चांगला आहे, बॅटरीपासून सेटपर्यंतची वायर बदला.