समुद्राजवळच्या घरासाठी गरम पाण्याचा हीट पंप घ्यावा का, आणि तो कसा बसवून घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, गुहागर तालुक्यात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आपले चिऱ्याचे कौलारू घर आहे, आई-वडील तिथे राहतात, तीन खोल्या पर्यटकांना दिल्या जातात, सध्या बंब आणि दोन जुने गीझर यांवर भागते, आणि आता त्या ऐवजी घरगुती हीट पंप घ्यावा का व तो बसवून कोण देईल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी दापोली तालुक्यात राहतो, आमच्याकडेही पर्यटकांसाठी खोल्या आहेत आणि मागील पडवीत असेच यंत्र चालते. त्यामुळे उत्तर कोकणाच्या हवापाण्याला धरून देतो. खोल्या गरम करणाऱ्या हीट पंपाचा विचार आपल्याला करण्याचे कारण नाही, कारण किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा क्वचितच १५ अंशांखाली जातो. येथे प्रश्न फक्त आंघोळीच्या पाण्याचा आहे.

विहिरीवरचा पंप पाणी तयार करीत नाही, खालचे पाणी वर आणतो. हे यंत्रही उष्णता तयार न करता बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून टाकीतील पाण्यात नेऊन सोडते. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पंखा चालवण्यापुरती. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून तीन ते चार युनिटांइतकी उष्णता पाण्यात जाते. हवा जितकी उबदार आणि दमट, तितके हे प्रमाण चांगले, कारण हवेतील बाष्पाचे थंड नळ्यांवर पाणी होते तेव्हा त्या बाष्पातील उष्णताही यंत्राला मिळते. सौर बंब आपल्याकडे जून ते सप्टेंबर जवळजवळ निरुपयोगी ठरतो आणि कौलांवरच्या काचेच्या नळ्या वानरांच्या तावडीतून वाचवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. हीट पंप मात्र ऐन आषाढातही उत्तम चालतो.

एवढे असूनही माझे मत असे आहे की, केवळ आई-वडिलांसाठी हे यंत्र घेऊ नये. विहिरीचे पाणी साधारण २७ अंशांचे असते. त्यातले २०० लिटर ५५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे साडेसहा युनिटांइतकी उष्णता लागते. गीझर तेवढी, किंबहुना थोडी जास्तच, वीज घेतो. हीट पंपाला सुमारे दोन युनिटे पुरतात. म्हणजे २०० लिटरमागे साडेचार युनिटांची बचत झाली. परंतु ५५ अंशांचे पाणी निम्मे थंड पाणी मिसळूनच वापरले जाते, त्यामुळे दोन माणसांच्या बादलीच्या आंघोळीला तसे गरम पाणी तीस लिटरही लागत नाही आणि त्यावरची बचत दिवसाला सात-आठ रुपयांच्या पलीकडे जात नाही. तिन्ही खोल्या भरल्या की चित्र बदलते, कारण समुद्रावरून आलेली मंडळी संध्याकाळी शॉवरखाली खारे अंग धुतात आणि सकाळी पुन्हा आंघोळ करतात. घरची माणसे धरून दिवसाला २०० लिटर सहज लागतात.

आता पैशांचा हिशेब पाहू. २०० लिटरचे चांगले यंत्र, नळजोडणी, वायरिंग आणि ओटा धरून सव्वा लाखाच्या आसपास जाते असे मानू. त्याऐवजी चांगल्या तारांकित दर्जाचे गीझर नव्याने घेतले तर चाळीस-पंचेचाळीस हजारांत भागेल. म्हणजे जादा गुंतवणूक सुमारे ८०,००० रुपयांची झाली. महावितरणचे बिल टप्प्याटप्प्याने चढत जाते आणि बचत नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातली असते, म्हणून युनिटमागे १० ते १४ रुपये धरावेत. वर्षात २०० दिवस खोल्या भरलेल्या असतील तर वर्षाला ९,००० ते १२,६०० रुपये वाचतात आणि जादा रक्कम साडेसहा ते नऊ वर्षांत फिटते. हेच दिवस ९० असतील तर चौदा ते वीस वर्षे लागतील, आणि खाऱ्या वाऱ्यात कोणतेही कॉम्प्रेसरचे यंत्र इतकी वर्षे टिकेल अशी आशा मी ठेवणार नाही. आपली नोंदवही काढून भरलेल्या रात्री मोजाव्यात. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा तो आकडा अधिक विश्वासाचा आहे.

बिलात न दिसणारा एक फायदाही आहे. सकाळी सात वाजता दोन-दोन किलोवॉटचे तीन गीझर एकदम लागले की सहा किलोवॉटचा भार येतो, गावच्या ट्रान्सफॉर्मरवर विजेचा दाब (व्होल्टेज) आधीच कमी असतो आणि त्यात विहिरीचा पंप सुरू होत नाही. हीट पंप एका किलोवॉटपेक्षा कमी भार घेऊन दोन-तीन तास निवांत चालतो, आणि टायमर लावून तो दुपारी चालवता येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून छपरावरच्या तीन किलोवॉटच्या सौर वीजसंचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तसा संच छपरावर बसवणार असाल तर दोन्हींचा विचार एकत्र करावा. मात्र बॅटरी नसलेला असा संच गावची वीज गेली की आपोआप बंद होतो, हे लक्षात असू द्यावे.

प्रकारांपैकी मी टाकी आणि यंत्र एकाच सांगाड्यात असलेला प्रकार सुचवीन. त्यातील उष्णता वाहून नेणाऱ्या वायूची नळजोडणी कारखान्यातच पूर्ण होऊन सीलबंद येते. जागेवर फक्त पाणी आणि वीज जोडायची असते. यंत्र बाहेर व टाकी आत अशा स्प्लिट प्रकारात वायूच्या तांब्याच्या नळ्या जागेवर जोडाव्या लागतात, त्यासाठी नळ्यांतील हवा व ओलावा काढणारा व्हॅक्यूम पंप असलेला आणि तो खरोखर वापरणारा मेकॅनिक लागतो, आणि त्या सांध्यांवर पुढे खारी हवा काम करीत राहते. टाकी आतून इनॅमलचा लेप असलेली व स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची अ‍ॅनोड कांडी बदलता येणारी असावी. स्टेनलेस स्टील ऐकायला चांगले वाटते, पण एप्रिल-मेमध्ये आपल्या किनारी विहिरी मचूळ होतात आणि त्या पाण्यातील क्लोराइडमुळे स्टीलला, विशेषतः वेल्डिंगच्या जागी, बारीक छिद्रे पडतात. पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. मे महिन्यातील पाणी मोजून तो आकडा यंत्राच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा. हवेतील उष्णता घेणाऱ्या कॉइलच्या (नळ्यांच्या वेटोळ्याच्या) अ‍ॅल्युमिनियम पात्यांवर गंजरोधक लेप आहे का, हे लेखी विचारावे. तसेच वॉरंटीच्या बारीक अक्षरांत समुद्राजवळच्या गंजाला वगळलेले आहे का, हे पैसे देण्याआधी वाचावे; बहुतेक वेळा ते वगळलेलेच असते.

जागेची निवड हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच शेवटच्या दिवशी टेम्पो दारात उभा असताना उरकला जातो. समुद्र पश्चिमेला, पावसाळी वारा नैऋत्येचा. म्हणून यंत्र घराच्या पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील बाजूला, रुंद पागोळ्यांच्या आत असावे. मागील पडवी त्यासाठी उत्तम, पण तिथेच चूल किंवा बंब पेटत असेल तर धूर आणि काजळी पात्यांवर बसते, म्हणून त्यापासून दूरची बाजू घ्यावी. बंद कोठीच्या खोलीत यंत्र ठेवण्याचा मोह टाळावा. पंख्यातून बाहेर पडलेली थंड हवा तेथेच फिरत राहिली तर त्याच हवेतून पुन्हा उष्णता काढण्यात यंत्राची दमछाक होते. पंख्यासमोर किमान चार-पाच फूट मोकळी जागा ठेवावी आणि पाहुण्यांच्या झोपण्याच्या खोलीची भिंत टाळावी, कारण कॉम्प्रेसरचा आवाज रात्री जाणवतो. भरलेल्या टाकीसह वजन पाव टनाहून जास्त होते. त्यामुळे भिंतीवर किंवा माळ्यावर नव्हे, तर फूटभर उंचीच्या पक्क्या ओट्यावर रबरी गाद्या घालून ते उभे करावे. पावसाळ्यात त्यातून तासाला लिटरभर पाणी ठिबकू शकते, म्हणून निचऱ्याची नळी उताराने माडाच्या आळ्यात सोडावी.

नळजोडणीत थंड पाण्याच्या वाटेवर उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह आणि टाकीवर दाब व तापमान दोन्हींवर उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. त्याच्या तोंडाला बूच लावून गळती ‘दुरुस्त’ करणारे प्लंबर मी पाहिले आहेत, त्यांना दारातूनच परत पाठवावे. गरम पाण्याची नळी सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) आणि पूर्ण लांबीवर नायट्रिल रबराच्या आवरणाची असावी, आणि आवरणावर खारींच्या दातांपासून वाचवणारा कडक वेष्टणाचा थर असावा. जुन्या घरांत न्हाणीघर लांब असते. पाऊण इंची नळीच्या दहा मीटरमध्ये तीन लिटर पाणी साचते आणि प्रत्येक वेळी तेवढे गार पाणी आधी वाहून जाते. म्हणून यंत्र सर्वांत जास्त वापराच्या न्हाणीघराजवळ असावे.

विजेसाठी मीटरपासून स्वतंत्र तार, जादा भार आला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरतेच उरते. खड्डा सांडपाण्याच्या ओलाव्याजवळ घ्यावा व इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात मोजून घ्यावा. विजेचा दाब खाली-वर होत असल्याने वेळ-विलंब असलेला, म्हणजे वीज परत आल्यावर थोडे थांबून पुरवठा सुरू करणारा, स्टॅबिलायझर हवा, शिवाय वीज चमकू लागली की हाताने बंद करता येईल असा स्विच जवळ हवा. इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या पेटीतील छिद्रे जाळीने बंद करून घ्यावीत, कारण पाली आणि मुंग्या आत शिरल्या की बोर्ड जळतो.

बसवून कोण देईल, याचे उत्तर असे की एकच माणूस सगळे करीत नाही. कंपनीचा तंत्रज्ञ साधारणपणे फक्त यंत्र सुरू करून वॉरंटीची नोंद करतो. ओटा, नळ आणि वायरिंग आपल्या गवंडी, प्लंबर व इलेक्ट्रिशियन यांच्याकडून आधी तयार हवे असते, आणि ते नसले तर तो परत जातो व पुढच्या फेरीचे पैसे मागतो. म्हणून विक्रेत्याला आधी घर पाहायला बोलवावे आणि कोणते काम कोणाकडे आहे हे दरपत्रकातच लिहून घ्यावे. विक्रेता शक्यतो चिपळूण किंवा रत्नागिरीचा असावा. पुण्यात किंवा कोल्हापुरात दहा हजार स्वस्त मिळाले तरी दुरुस्तीला तेथून माणूस कधी व किती खर्चात येईल, हे विचारल्यावर तो फरक उरत नाही. घाटावरूनच आणायचे ठरले तर यंत्र टेम्पोत उभेच ठेवायला सांगावे. कुंभार्ली घाटात ते आडवे होऊन आले असेल तर एक दिवस उभे ठेवल्याशिवाय सुरू करू देऊ नये, कारण कॉम्प्रेसरमधील तेल जागेवरून हललेले असते. कामासाठी दसरा ते दिवाळी हा काळ बरा. मे महिन्यात सगळे कारागीर पावसाआधीच्या शाकारणीत आणि दुरुस्त्यांत गुंतलेले असतात, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात कोकणात कोणी सापडत नाही, हे आपल्याला सांगायला नकोच.

शेवटचा हप्ता चाचणी झाल्यावरच द्यावा. टाकी गार पाण्याने पूर्ण भरून, सर्व नळांतून हवा निघून गेल्यावर, पाण्याचे तापमान आणि मीटरवरील आकडा लिहून ठेवावा, घरातील इतर मोठी उपकरणे बंद ठेवावीत आणि यंत्राला ५५ अंशांपर्यंत जाऊ द्यावे. २०० लिटरला दोन-सव्वादोन युनिटे लागली तर सर्व ठीक आहे. चार-पाच लागली तर आतील मदतीची हीटर कांडी चालू राहिली आहे, आणि तंत्रज्ञाकडून ती सेटिंगमधून बंद करून घ्यावी. त्यानंतर पाहुणे असताना आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत पाणी नेण्यापुरती ती वापरावी, म्हणजे साठलेल्या कोमट पाण्यात जिवाणू वाढत नाहीत. पात्यांवर महिन्यातून एकदा वीज बंद करून गोड्या पाण्याची हलकी धार मारावी, आणि अ‍ॅनोड कांडी दरवर्षी काढून पाहावी.

बंब मात्र काढून टाकू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि नारळाची सोडणे व झावळ्या तर आपल्या परसात फुकट पडलेल्या असतात. आई-वडिलांच्या रोजच्या दोन बादल्यांना तोच पुरेसा आहे. भरलेल्या रात्रींचा आकडा आणि मे महिन्यातील टीडीएस कळवलात, तर २०० लिटरची टाकी घ्यावी की ३०० ची, हे अधिक नेमके सांगता येईल.