बंपर म्हणजे पत्रा नव्हे

पार्किंगच्या खांबाला किंवा फुटपाथच्या कडेला बंपरचा कोपरा कधीच घासला नाही, अशी गाडी विरळाच. पिकअपच्या हौद्यात मारतात ते जाड, दाणेदार पॉलियुरेथेन कोटिंग अशा बंपरवर आणि खालच्या काळ्या पट्ट्यांवर मारावं का, या विषयावरचे प्रश्न बरेच साचले होते. त्यातले काही आज घेतो.

प्रश्न : पुढच्या बंपरच्या खालच्या भागावर ओरखडेच ओरखडे आहेत. काही पांढरे, काही काळे. सगळं एकदम झाकून टाकायला दाणेदार कोटिंग मारलं तर?

आधी बंपर धुवा, कोरडा करा आणि ओरखड्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओला असताना ओरखडा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत उमटला, तर तो वरच्या पारदर्शक थरातच आहे. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. असे ओरखडे रबिंग कंपाऊंडनं, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टनं जातात. बरेच पांढरे पट्टे तर ओरखडे नसतातच. समोरच्या भिंतीचा किंवा खांबाचा रंग तुमच्या बंपरवर उतरलेला असतो आणि तोही कंपाऊंडनं निघतो. नख अडकतंय आणि आत काळं दिसतंय, तिथे मात्र रंग गेला आणि उघडं प्लॅस्टिक दिसू लागलं असं समजा.

हे आधी तपासायला सांगतो, कारण कोटिंग मारणं सोपं आहे, पण काढणं जवळजवळ अशक्य. पत्र्यावरचा रंग काढायची रसायनं प्लॅस्टिकलाच खातात, आणि घासून काढायचं तर हात भरून येतात. पॉलिशनं जाणाऱ्या चार रेघांसाठी हा उद्योग करू नका. खालची सहा-आठ इंचांची पट्टी वारंवार घासली जात असेल, तर करा.

आणखी एक. दाणेदार पोत बारीक रेघा छान लपवतो, खोल चर लपवत नाही. कोटिंग चराच्या आकारानंच बसतं आणि तिरप्या उजेडात तिथे सावली दिसते. तो चर आधी लवचीक, प्लॅस्टिकसाठीच्या पुट्टीनं भरायला हवा. पत्र्याची नेहमीची पुट्टी नको, बंपर दबला की ती तडकते.

प्रश्न : पॉलिश पेपर मारला, प्रायमर मारला, चांगल्या कंपनीच्या स्प्रेचे तीन हात दिले. दोन महिन्यांनी प्रेशरच्या पाण्यानं पोपडेच्या पोपडे निघाले. माल खराब होता का?

बहुतेक नसावा. असाच पोपडा माझ्याही हातात आलेला आहे. माझ्या पहिल्या बंपरचा रंग पहिल्याच वॉशिंगला तळहाताएवढा निघाला. उलटून पाहिलं तर पोपड्याच्या आतल्या बाजूला माझा प्रायमर होता, सुबक, सलग. खालच्या प्लॅस्टिकवर रंगाचा मागमूस नव्हता. म्हणजे प्रायमर रंगाला चिकटला होता, बंपरला नाही.

बंपर हा पत्रा नाही. बंपर काढलात की मागच्या बाजूला प्लॅस्टिकचं नाव ठसवलेलं सापडेल. बहुतेक वेळा ते पीपी आणि ईपीडीएम असतं, म्हणजे रबर मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन. पुढे टी २० किंवा टीडी २० असेल, तर त्यात २० टक्के टाल्कची पूड आहे. डबे-बादल्यांमध्ये वापरतात त्याच घराण्यातलं हे प्लॅस्टिक, आणि अशा डब्यावर लेबल किती काळ टिकतं ते सगळ्यांनी पाहिलंय. या प्लॅस्टिकवर द्रव पसरतच नाही, थेंब होऊन बसतो. जो पसरत नाही तो चिकटतही नाही. कारखान्यात म्हणूनच रंगाआधी बंपरवरून ज्योत फिरवतात किंवा पकड देणारा खास थर मारतात. ज्योतीचा प्रयोग घरी करू नका, बंपर वाकडा होईल.

आपल्यासाठी असतो तो अ‍ॅडहिजन प्रमोटर. क्लोरीन जोडलेल्या पॉलिओलेफिनचा हा पातळ, बहुधा पारदर्शक द्रव असतो. एक बाजू प्लॅस्टिकला धरते, दुसरी रंगाला. तो उघड्या प्लॅस्टिकवर एक-दोन पातळ हातच द्यायचा. जाड दिला म्हणजे पकड वाढेल असं वाटतं, पण होतं उलटं. त्याच्यावर पेपर मारायचा नाही, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच पुढचा हात द्यायचा. जिथे मूळ रंग शाबूत आहे तिथे प्रमोटर लागत नाही, तो रंग मंद होईपर्यंत घासला की पुरतं. मागे एबीएस (हे वेगळ्या जातीचं प्लॅस्टिक) असं ठसवलेलं असेल, तर काम बरंच सोपं होतं. बहुतेक प्लॅस्टिक प्रायमर त्याला धरतात.

दुसरी चूक क्रमाची. तुम्ही लिहिलंय की पेपर मारला, पण त्याआधी तेलकटपणा काढल्याचा उल्लेख नाही. काळ्या प्लॅस्टिकवर आपण वर्षानुवर्षं चकाकीचे द्रव चोळतो आणि त्यात सिलिकॉन असतं. त्यावर पेपर चालवलात की तेच सिलिकॉन ओरखड्यांत भरतं. म्हणून आधी साबणपाणी, मग डिग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्रव), मग पेपर, मग पुन्हा डिग्रीझर. दोन फडकी घ्या. एकानं ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपायचं. आपोआप वाळू दिलंत तर विरघळलेला मळ होता तिथेच परत बसतो.

प्रश्न : घासताना प्लॅस्टिकवर कापसासारखे तंतू उठतात. बारीक पेपर घेतला तरी जात नाहीत.

म्हणजे ते पीपीच आहे, ओळख पटली! मशिन चालवत असाल तर बंद करा. गरम झालं की हे प्लॅस्टिक कापलं न जाता ओढलं जातं. नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून तंतू तासून काढा, मग ३२० नंबरचा पेपर हातानं, हलक्या दाबानं. साधा रंग असता तर मी अजून बारीक पेपरवर गेलो असतो. दाणेदार कोटिंगखाली एवढं पुरतं.

प्रश्न : रोलरनं मारू की गननं? आणि टेपची कड फाटते ती का?

रोलरनं होतं. पसारा कमी, हवेत फवारा जवळजवळ नाही. पण रोलर उचलताना टोकं उठतात आणि पोत खडबडीत येतो. पिकअपच्या हौद्यात तो शोभतो, छोट्या गाडीच्या बंपरवर खरूज आल्यासारखा दिसतो. गननं दाणा आपल्या ताब्यात राहतो. हवेचा दाब वाढवला की दाणा बारीक, दाब कमी केला की मोठा. पुठ्ठ्यावर मारून बघा, पाच मिनिटं थांबा, मगच बंपरकडे वळा. कारखान्यातल्या काळ्या पट्टीच्या पोताशी हुबेहूब जुळवायचा नाद सोडा. तो पोत साच्यातून आलेला असतो. त्यापेक्षा आख्खी पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी मारा, म्हणजे ती मुद्दाम केल्यासारखी दिसते.

दोन भागांच्या मालात कोटिंग आणि ते कडक करणारा हार्डनर वेगळे येतात; बरेचदा तीन भाग कोटिंगला एक भाग हार्डनर असतो, पण डब्यावर जे असेल तेच खरं. मिसळल्यावर हातात साधारण तासभर असतो, उन्हाळ्यात त्याहून कमी. पहिला हात इतका पातळ द्या की खालचं दिसत राहील. झाकायचं काम दुसऱ्या हाताचं. पहिल्याच हातात काळंभोर करायला गेलात तर खालच्या कडेला ओघळ लोंबतात, आणि दाण्यातला ओघळ घासून बसवता येत नाही.

टेपचं म्हणाल, तर शेवटचा हात ओला असतानाच टेप सोलायची, स्वतःवर उलटी दुमडून, सावकाश. साध्या रंगाला वाळेपर्यंत थांबायची आपल्याला सवय असते. हे कोटिंग मात्र टेपवरून पुढे सलग कातड्यासारखं जमतं, आणि उशीर झाला की टेपबरोबर कडही ओढून नेतं. उशीर झालाच तर टेपच्या काठानं हलकेच ब्लेड फिरवून मग काढा, खालच्या रंगाला चिरा न पाडता. रेघ कुठे संपवायची हेही आधी ठरवा. बंपरच्या अंगातच एखादी घडी किंवा धार असते, तिथे संपवली की नजरेला खटकत नाही. सपाट भागात मध्येच थांबवलेली रेघ दुरुस्ती ओरडून सांगते.

प्रश्न : मागच्या बंपरला पार्किंगचे सेन्सर आहेत. त्यांच्यावरूनही मारलं तर एकसारखं दिसेल ना?

दिसेल, पण चालणार नाही. सेन्सरचा तो गोल चेहरा म्हणजे थरथरणारा पडदा. त्याच्या थरथरीतूनच ध्वनिलहरी निघतात आणि परत आलेल्या लहरी तोच ऐकतो. त्यावर जाड कोटिंग बसलं की तो बहिरा तरी होतो, नाहीतर मोकळ्या जागेतही ओरडत सुटतो. सेन्सर काढून ठेवा आणि भोकाच्या कडेला थर जमू देऊ नका, नाहीतर सेन्सर परत बसायचा नाही.

यापेक्षा फसवी गोष्ट रडारची, कारण ते बाहेरून दिसतच नाही. बाजूच्या लेनमधली गाडी दाखवणारं रडार मागच्या बंपरच्या कोपऱ्यात, आतून बसवलेलं असतं, म्हणजे नेमकं जिथे आपण घासतो तिथेच. हल्लीची बरीच रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्या लहरीची लांबी ४ मिलिमीटरहूनही कमी असते. तेवढ्याशा लहरीला एखादा मिलिमीटर पुट्टी किंवा जाड कोटिंग म्हणजे भलताच अडथळा. गाडीच्या पुस्तिकेत रडारची जागा बघा आणि त्याच्या समोरचा भाग सोडून द्या. सोडल्यावर कोपरा विचित्र दिसणार असेल, तर मी तिथे कोटिंगचा विचारच करणार नाही.

प्रश्न : मोकळ्या अंगणात मारणार आहे. साधा कापडी मास्क पुरेल ना?

नाही. अजिबात नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती श्वासावाटे गेली की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांच्यावर बिथरलं की पुढे अगदी थोडी मात्राही त्रास देते. त्यांचा वास धोक्याच्या पातळीआधी येईलच असं नाही, त्यामुळे ‘वास आला तर थांबेन’ हा हिशेब चुकतो. व्यवसायानं फवारणारे बाहेरून ताजी हवा देणारा मास्क वापरतात. तो नसेल तर गनचा विचार सोडा. रोलर घ्या, जागा उघडी ठेवा, हातमोजे, चष्मा आणि त्या मालाच्या माहितीपत्रकात सांगितलेला मास्क वापरा. किंवा घासकाम, धुणं, टेप लावणं घरी करा आणि बंपर काढून फवारायला देऊन या. मेहनत बहुतेक घासकामातच असते. स्प्रे कॅनमध्ये मिळणाऱ्या दोन भागांच्या मालालाही हेच लागू आहे. डबा छोटा असला तरी आतला हार्डनर तोच.

प्रश्न : ओरखडे नाहीत, फक्त काळ्या पट्ट्या राखाडी पडल्यात.

मग कोटिंग कशाला? उन्हानं वरचा थर मेलाय, इतकंच. डिग्रीझरनं नीट धुवून प्लॅस्टिकचा रंग परत आणणारा एखादा टिकाऊ द्रव लावा. हीट गननं काळं करायची युक्ती खरी आहे, पण काही महिन्यांची.

प्रश्न : काम झालं. गाडी कधी धुवू? आणि उरलेला मिसळलेला माल टोपण घट्ट लावून ठेवला तर नंतर टचअपला येईल का?

हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला साधारण आठवडा धरा. तोवर प्रेशरचं पाणी नको. पुढेही मेणाचं पॉलिश नको, दाण्यांत अडकून पांढरे ठिपके राहतात. साबण आणि मऊ ब्रश बस्स. पुन्हा घासलं गेलं तर तेवढाच तुकडा पेपरनं खरवडून वर नवा हात देता येतो, आणि दाण्यात जोड दिसत नाही. हा या कामातला मोठा फायदा.

मिसळलेला माल मात्र टिकत नाही, डब्यातच दगड होतो. आणि टोपण घट्ट तर मुळीच लावू नका. हार्डनरचा ओलाव्याशी संबंध आला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, डबा फुगतो, कधी फुटतोही. उघडाच ठेवा, मोकळ्या हवेत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. कडक झाला की मग फेका. टचअपसाठी ठेवायचा तर न मिसळलेला ठेवा. हार्डनरच्या बाटलीच्या तोंडाला लागलेला माल पुसूनच झाकण लावा, नाहीतर पुढच्या वेळी ते पक्कडीनं उघडावं लागेल.