नेत्याचं व्हिजन ओळखायचं कसं?

प्रश्न: ताई, इलेक्शन आलं की जो तो व्हिजन व्हिजन करतो, पण खरं व्हिजन ओळखायचं कसं?

उत्तर: तुमची पगाराची स्लिप काढा, बहुतेक प्रोफेशनल टॅक्सचे महिना २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. हा कर महाराष्ट्रात १९७५ला लागला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे गावात मागेल त्याला काम देणाऱ्या सरकारी योजनेसाठी, थोडक्यात, शहरातल्या पगारदारानं गावाकडच्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा. योजनेची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंची, ७२च्या दुष्काळात तिनं किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, मग १९७७ला कायदा झाला नि २००५ला अख्ख्या देशासाठी तसाच कायदा आला. मला तरी हेच व्हिजन वाटतं, पैसा कुठून येणार हेही ठरवलेलं! तुमच्या उमेदवारालाही सभेत हेच विचारा, पैसा कुठून आणणार आणि काम मागूनही मिळालं नाही तर काय?