डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावाचे, पैसे मी दिले, पण ते वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या खात्यातून घेतलं. मग ते माझं की त्याचं?

पैसे दिले म्हणून डोमेन आपोआप तुमचं होत नाही. नोंदणीत रजिस्ट्रंट, म्हणजे नोंदणीधारक, म्हणून ज्याचं नाव, हक्क त्याचा. तोही मुदतीपुरताच. डॉट कॉमसारखं नाव कायमचं विकत मिळतच नाही. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षं, पुढे नूतनीकरण.

आजच आयकॅनच्या (जगभरची डोमेन व्यवस्था सांभाळणारी संस्था) लुकअप म्हणजे शोधायच्या पानावर तुमचं डोमेन टाकून बघा. रजिस्ट्रार, म्हणजे नोंदणी करून देणारी कंपनी, कोण आणि मुदत कधी संपते ते कळेल. रजिस्ट्रंटचं नाव मात्र गोपनीयतेसाठी बहुधा झाकलेलं असतं, म्हणून वेबसाइट बनवणाऱ्यालाच सरळ विचारा: नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि खात्याला ईमेल कोणाचा जोडलाय? मला यातला ईमेल फार महत्त्वाचा वाटतो. पासवर्ड बदलायची लिंक आणि मुदत संपत आल्याची सूचना तिथेच जाते. आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की मेलही बंद पडतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तुम्ही बाहेर राहता.

नाव तुमच्याकडे आणायचं तर त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं उघडून डोमेन त्यात हलवून घ्या. हे सहसा सोपं जातं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर लॉक (डोमेन हलवण्यावरची अटकाव) काढून ऑथ कोड (हलवायला लागणारा गुप्त कोड) मागावा लागतो. नोंदणी नवी असेल तर पहिले 60 दिवस ते बहुधा जमत नाही. होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ती जागा, ही वेगळी गोष्ट आहे. ते जिथे आहे तिथेच राहू द्या आणि या गडबडीत नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या होस्टिंगकडे वळवायचं ते ठरवणारी सेटिंग) बदलू नका, नाहीतर चालू साइट आणि मेल दोन्ही अडकू शकतात.

मुदत टळली तर काय, याची धास्ती रास्त आहे. सुरुवातीला काही दिवस बरेच रजिस्ट्रार नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात, पण काही जण त्याच काळात नाव लिलावातही काढतात. डोमेन एकदा डिलीट झालं की सोडवून घ्यायला 30 दिवस मिळतात, तेही जबर शुल्क भरून. त्यानंतर 5 दिवसांनी ते कोणालाही घेता येतं. (हे डॉट कॉमबद्दल, देशांच्या डोमेनचे नियम वेगळे असतात.)

वेबसाइट बनवणाऱ्याशी भांडायच्या पवित्र्यात बोलू नका. पुष्कळ जण निव्वळ सोयीसाठी स्वतःच्या खात्यातून नोंदणी करतात आणि मागितलं की देतात. मागणी लेखी करा, पैसे दिल्याची पावती जोडा आणि हे मुदत संपायच्या बरंच आधी उरका.