आजीची काळी साडी आणि शेजारच्या अक्का

प्रिय चिऊ,

आजी सकाळी काळी साडी नेसून निषेध फेरीला जाते आणि संध्याकाळी त्याच साडीत शेजारच्या कन्नड अक्कांकडे होळगी, म्हणजे पुरणपोळी, खात बसते. मग यातलं खरं काय, असं तू विचारलंस. दोन्ही खरं. पण एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेलं आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच राज्याचं नाव १९७३ पासून कर्नाटक. म्हणून दरवर्षी त्या दिवशी कन्नड लोक लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सव करतात आणि मराठी माणसं काळे कपडे घालून फेरी काढतात. एकच गाव, एकच तारीख. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हटलं, ते महाराष्ट्राने मानलं नाही, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या वादात गोळीबार झालेत, माणसं गेलीत. आजी त्यातलं काहीही विसरलेली नाही.

पण अक्कांशी तिचं भांडण नाही. एकदा मीच तिला छेडलं होतं, तर म्हणाली, ‘सरकारशी आहे की भांडण, तिच्याशी काय म्हणून?’ अक्का कन्नडात बोलतात, आजी मराठीत उत्तर देते, मध्येच ‘ऊट आतेन्री?’ म्हणजे जेवण झालं का, असं विचारते आणि दोघींचं सगळं एकमेकींना कळतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला दोन्ही भाषांची माणसं जातात. तिथल्या गर्दीत कोण कुठल्या बाजूचा हे कोणी विचारत नाही.

तुमच्या शाळेत सहिष्णुतेवर तास झाला म्हणालीस. अशा तासांना बहुतेक वेळा ‘सगळे मिळून-मिसळून राहा’ एवढंच सांगतात आणि मला ते अर्धवट वाटतं. आजीने फेरीला जाणं सोडलं तर ती जास्त सहिष्णु होईल का? मला नाही वाटत. हक्क मागायला रस्ता, निवडणूक आणि कोर्ट असलं की राग तिकडे जातो. फेरीला परवानगी नाकारतात, जाणाऱ्यांवर गुन्हे दाखल करतात, तेव्हा मला म्हणूनच काळजी वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी २०१६ च्या जानेवारीत हिंसक अतिरेक रोखण्याचा एक आराखडा मांडला. नुसत्या पोलिसी उपायांनी हे थांबत नाही. लोकांना डावललं, त्यांचे हक्क तुडवले, तर अतिरेक्यांना भरतीसाठी आयती माणसं मिळतात, असं त्यात सांगितलंय.

बेळगावात सगळं आजीसारखं चालतं असं समजू नकोस. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ फिरला. घटना घडली कित्येक कोस लांब, पण मोर्चे आणि गाड्यांवर दगडफेक बेळगावात झाली. अनगोळला संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली आणि जमावबंदी लागली. रायण्णा कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे सरदार, इंग्रजांशी लढले, फासावर गेले. त्यांचा महाराजांशी वाद लावायचं कोणाच्या डोक्यात येतं कोण जाणे! दगड मारणाऱ्या पोरांना कोणा अक्कांच्या हातची होळगी कधी मिळाली होती का, हा प्रश्न मला अजून पडतो.

आता आपण राहतो त्या क्राइस्टचर्चचं. १५ मार्च २०१९ ला इथल्या दोन मशिदींत एका माणसाने ५१ जणांना मारलं. तो ऑस्ट्रेलियाचा. त्याने स्वतःच हत्याकांड फेसबुकवर थेट दाखवलं, आणि पहिल्या चोवीस तासांत फेसबुकला त्या चित्रीकरणाच्या पंधरा लाख प्रती काढाव्या लागल्या. माणूस एका देशाचा, गुन्हा दुसऱ्या देशात, कंपनी तिसऱ्या देशातली, बघणारे जगभर. एकट्या न्यूझीलंडच्या पोलिसांनी काय केलं असतं? म्हणून दोन महिन्यांनी, १५ मे ला, पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न आणि फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी पॅरिसमध्ये देश आणि कंपन्या एकत्र बोलावून ‘क्राइस्टचर्च कॉल’ हा करार केला. असा मजकूर पसरू द्यायचा नाही, पण लोकांचं बोलण्याचं स्वातंत्र्य आणि खुलं इंटरनेटही राखायचं, असं त्यात ठरलं. भारत सुरुवातीपासून त्यात आहे. कायद्याने बांधणारा करार नाही, नुसता शब्द दिलाय, म्हणून काही लोक नाकं मुरडतात. त्यांचं अगदीच चुकीचं आहे असं नाही, पण देशांनी एकमेकांना फोन करायची सवय तरी लागली.

राहिला तुझ्या मैत्रिणीच्या दादाकडे त्या हत्याकांडाचा व्हिडिओ असल्याचा प्रश्न. इथे तो नुसता जवळ ठेवणंही गुन्हा आहे आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. पुढे पाठवला तर चौदा. तू बघू नकोस, कोणाला पाठवू नकोस. तिच्या आईशी मी बोलतो, तुझं नाव घेणार नाही.

आणि अक्कांनी होळगीची कृती सांगितलीय म्हणे आजीला. फोनवर विचारून घे, रविवारी करू.

तुझा बाबा